पाळक नसलेला रविवार

रविवारी सकाळी सातला कल्याणच्या एसटी स्टँडवर उभं राहायला सॉलिड कारण लागतं. माझं कारण म्हणजे मित्राचं एक वाक्य: "आमच्याकडे पाळक नसतो, तरी दर रविवारी प्रभुभोजन होतं."

मुरबाडला उतरून शेअर जीपने त्याच्या पाड्यावर गेले. (पाड्याचं नाव छापायचं नाही, असं त्याच्या आईने बजावलंय. हल्ली चौकशा फार होतात.) चर्च नाही, घंटा नाही. सारवलेली ओटी, वीसेक माणसं, मधल्या स्टुलावर एक पाव आणि स्टीलच्या पेल्यात मनुक्यांचा रस. द्राक्षरसाच्या बाटलीसाठी कल्याण कोण गाठणार? शनिवारी रात्रीच मनुके भिजत घालतात.

मग शांतता. पाच मिनिटं, सात मिनिटं. माझा हात सवयीने मोबाइलकडे गेला. इतक्यात एक गवंडी उठला, प्रार्थना केली, बसला. कोपऱ्यातून कुणी गाणं धरलं. पाव मोडून हातोहात फिरला. मी विश्वासी नाही, त्यामुळे माझ्यापर्यंत आला नाही.

ही रीत ब्रदरन मंडळ्यांची, 1820च्या दशकातल्या डब्लिनमधली. त्यांच्यातला अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज पेशाने डेंटिस्ट. प्रभुभोजनाला दीक्षित पाळक लागत नाही, असं म्हणणारा हा माणूस 1833मध्ये भारतात आला. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळक याच कल्याणात शाळेत शिकले. ते स्वतः 1904पासून दीक्षित पाळक, पण 1917मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांत टिळक गेले.

इथे सगळे सारखे, असं मित्र अभिमानाने सांगतो. मला ते अर्धंच पटलं. डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांपैकी एकही उठून बोलली नाही. मीही ओढणी घेऊन गप्प.

नंतर चुलीपाशी मावशींना विचारलं, "तुम्हाला बोलावंसं वाटत नाही?"

"घरी बोलते की देवाशी. इथं भाऊ बोलतात." चहा गाळता गाळता त्या हसल्या. "पाव कमी पडला की मात्र मलाच विचारतात."

पुढच्या रविवारी सगळे शहापूर तालुक्यातल्या एका घरी जमणार होते. मनुके अर्थात मावशीच नेणार. त्यातलेच मूठभर त्यांनी माझ्या रुमालात बांधले. किन्हवलीमार्गे शहापूर आणि तिथून आसनगाव स्टेशन गाठेपर्यंत ते संपलेही.