पाणी मानवण्यापूर्वी

सेवानिवृत्तीनंतर कोणताही नवा उद्योग अंगावर घेणार नाही, असे आम्ही घरी जाहीर केले होते. तो निश्चय नातवाने मोडला. आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी रत्नागिरीकडून होळकरांच्या चाकरीत इंदुरास आले. समुद्र तेव्हाच सुटला. घरात उरल्या त्या त्याच्या गोष्टी. त्या ऐकून नातवाने हट्ट धरला, “आजोबा, आपण घरातच समुद्र करू या.”

शंभर लिटरची काचेची टाकी आली. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असे अनेक क्षार असतात. तेथे स्वयंपाकघरातले मीठ उपयोगाचे नाही. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी मीठ लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात शुद्ध पाण्यात विरघळवले. प्रवाळ कायद्याने संरक्षित असल्यामुळे दगड कृत्रिम आणले. पाणी नितळ दिसू लागताच, चौथ्या दिवशी, आम्ही दोन क्लाउनफिश सोडले. आठवडाभरात दोन्ही गेले. अखेरच्या दिवशी ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत होते. “पाणी तर स्वच्छ होते ना, आजोबा?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आयुष्यभर लोकांना ‘घाई करू नका’ असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः घाई केली होती.

उत्तर पुढे पुस्तकांत मिळाले. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांचे कल्ले जाळतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट पुष्कळच सौम्य असते. थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे काम दोन टप्प्यांत आणि निरनिराळ्या जीवाणूंकडून होते, हे सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. आम्हांस यात आमचे कार्यालयच दिसले. पहिल्या टेबलावरून कागद सुटल्याखेरीज दुसऱ्याचे काम सुरू होत नाही. आणि आम्ही तर एकही कर्मचारी नेमण्यापूर्वी अर्ज स्वीकारले होते!

दुसऱ्या खेपेस टाकी माशांविना ठेवली. एका स्नेह्यांच्या जुन्या खाऱ्या टाकीतील स्पंजाचा तुकडा विरजणासारखा आणून आमच्या फिल्टरमध्ये ठेवला. हे जीवाणू मुख्यतः पाण्यात तरंगत नाहीत, तर स्पंजावर आणि दगडांवर वस्ती करतात. त्यांना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइडचे द्रावण मोजून घातले. अमोनियाचे प्रमाण दशलक्ष भागांत २ भाग झाले. उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने केली, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. रोज सायंकाळी नातू परीक्षानळीतला रंग पाही आणि आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिही.

आठ दिवस काहीच हलले नाही. मग अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइट चढले. पंधराव्या दिवशी अमोनिया शून्यावर आला. नातू म्हणाला, “आता आणू या?” मोह आम्हांसही झाला, परंतु दुसरे टेबल अजून तुंबलेले होते. दगडांवर तपकिरी शेवाळासारखा थर धरला. येणारेजाणारे विचारीत, “मासे कुठे आहेत?” सौ. उत्तर देत, “ह्यांनी पाणी पाळले आहे.”

तेहतिसाव्या दिवशी नायट्राइटही शून्य झाले. खात्रीसाठी पुन्हा तेवढाच अमोनिया घातला. चोवीस तासांत दोन्ही आकडे शून्य. मग निम्मे पाणी बदलले आणि एकच मासा आणला. दुसरा तीन आठवड्यांनी आला. आज दोघेही खाणे टाकताच काचेशी धावतात.

परमुलखात रुजलेल्या आपल्या घराण्यांना यात नवे काही वाटू नये. आमचे पणजोबा येथे आले, त्यापूर्वीच कोणीतरी येऊन राहण्याची, शिकण्याची, आपल्या भाषेत बोलण्याची सोय करून ठेवली होती. त्यांची नावे आज आम्हांस ठाऊक नाहीत. त्यांनी आधी वस्ती केली, म्हणूनच आम्हांस येथले पाणी मानवले.

दिनदर्शिकेचे ते पान नातवाने जपून ठेवले आहे. त्या पहिल्या दोघांविषयी तो आता विचारीत नाही. आम्ही मात्र विसरलेलो नाही.