पान पालथं करून पाहा

मिरचीचं पान जरा वळलं की आमच्या नागपूरकडे एकच निदान ऐकू येतं : बोकड्या आला. कोणी चुरडा-मुरडा म्हणतं, पण पुढची वाक्यं तीच असतात. रोप उपटा, नाहीतर फवारा. गच्चीवर कुंड्यांमध्ये मिरची लावायला लागल्यापासून हे सरसकट निदान मला पटेनासं झालं. एकाच मातीत भरलेल्या, शेजारीशेजारी ठेवलेल्या कुंड्यांमधली पानं अगदी वेगवेगळ्या कारणांनी वळलेली मी पाहिली आहेत. एकीला औषध लागत होतं, दुसरीला फक्त सावली, आणि तिसरीला खरोखरच वाचवता येत नव्हतं.

आमच्याकडे बी येतं ते भिवापूरहून, दिरांच्या शेतातलं. भिवापुरी मिरची लाल रंगासाठी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही आहे. भाऊजींनी आयुष्य त्या पिकात घालवलं आहे. पहिल्यांदा माझ्या रोपांचे शेंडे आखडलेले दिसले, तेव्हा ते नेमके नागपुरात आले होते. मी त्यांना गच्चीवर नेलं. ते रोपापाशी उकिडवे बसले, आणि मी वरून पानं न्याहाळत होते ते पाहून म्हणाले, "वहिनी, वरून काहून पाहता? रोग वर थोडीच बसते! पान पालथं करा ना."

त्या दिवशी पानाच्या खालच्या बाजूला शिरेजवळ चंदेरी-करडे ओरखडे होते आणि पानाच्या कडा वर उचलल्या जाऊन त्याची छोटी होडी झाली होती. भाऊजींनी स्वयंपाकघरातली पांढरी ताटली मागवली, शेंडा तिच्यावर धरून दोन टिचक्या मारल्या. ताटलीवर पिवळट, सुईच्या टोकाने ओढलेल्या रेघांएवढे जीव पळायला लागले. फुलकिडे. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. कोवळं पान उलगडत असतानाच हे ते खरवडतात आणि रस शोषतात. इजा झालेल्या पेशींची वाढ खुंटते, बाकीचं पान वाढत राहतं, आणि या ओढाताणीत ते वळतं. पावसाळा सरून ऑक्टोबरचं कोरडं ऊन सुरू झालं की त्यांची संख्या भराभर वाढते. त्यांची कोषावस्था बरेचदा मातीत किंवा खाली पडलेल्या पाल्यात जाते. म्हणून नुसतं पानांवर औषध मारून भागत नाही. कुंडीतला पालापाचोळा काढायचा, वरची माती हलवायची, निळे चिकट सापळे टांगायचे. निंबोळी अर्क मी घरीच करते : पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून त्यात चिमूटभर साबण. संध्याकाळी फवारायचं, पानांच्या खालून.

२०२१च्या हंगामात तेलंगण आणि आंध्रातली मिरची ज्याने आडवी केली, तो काळसर फुलकिडा निराळा. तो फुलांत गर्दी करतो, म्हणून आता मी शेंड्याबरोबर फुलंही ताटलीवर झटकते.

पण पान खालच्या बाजूला वळलं असेल, तर गोष्ट पूर्ण बदलते. माझ्या मते ओळखायला सर्वांत अवघड प्रकार हाच. भर श्रावणात, ढगाळ आणि दमट हवेत, एका रोपाच्या शेंड्याची पानं खाली वाकायला लागली. ती अरुंद झाली, गर्द हिरवी आणि कडक झाली, आणि त्यांचे देठ मात्र विचित्र लांबले. ताटलीवर काहीच पडलं नाही. नुसत्या डोळ्यांनीही काही दिसेना. इतवारीच्या सराफ्यातून आणलेलं भिंग लावलं, तेव्हा पानाच्या मागे फिकट, जवळजवळ पारदर्शक ठिपके हळूहळू सरकताना दिसले. त्यांच्या आसपास अंडी होती, आणि अंड्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. या रांगा एकदा नीट पाहिल्या की शंका उरत नाही : ही कोळी.

कोळी म्हणजे कीटक नव्हे. पूर्ण वाढलेल्या कोळीला आठ पाय असतात, ती गोचिडीच्या कुळातली. हा फरक पुस्तकी वाटतो, पण सगळा उपाय त्याच्यावरच अवलंबून आहे. किडींसाठीची कित्येक औषधं कोळीवर चालत नाहीत. उलट काही औषधांनी कोळीला खाणारे जीव मरतात आणि कोळी आणखी फोफावते. फुलकिडे समजून फवारलं आणि पानं जास्तच आखडली, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं ते यामुळेच. कोळीवर पाण्यात विरघळणारं गंधक लागू पडतं. मात्र पारा पस्तिशीच्या आसपास असताना गंधक मारू नये, पानं करपतात. आणि तेलाचा फवारा नुकताच झाला असेल तर दोन आठवडे थांबावं. नागपूरच्या उन्हात हे ध्यानात ठेवावंच लागतं.

या कोळीची एक सवय मला फार नवलाची वाटते. तिला पंख नाहीत, चालही धिमी. मग ती एका कुंडीतून दुसरीत जाते कशी? पांढऱ्या माशीच्या पायांना धरून. माशी उडाली की कोळी तिच्यासोबत नव्या रोपावर उतरते. नर तर अजून पूर्ण वाढ न झालेल्या मादीला उचलून कोवळ्या पानापर्यंत नेतात. भिंगाखाली हे ओझं घेऊन निघालेले नर मी पाहिले आहेत. रोपाचं नुकसान होत असताना असं म्हणावं की नाही कोण जाणे, पण ते दृश्य विलक्षण आहे.

त्या रोपावरची कोळी गेल्यानंतरही पुढची कित्येक पानं वाकडीच येत राहिली. शोषताना तिची लाळ रोपात जाते आणि तिचा परिणाम रेंगाळतो. शिवाय एकदा वळलेलं पान पुन्हा कधी सरळ होत नाही. त्यामुळे औषध लागू पडलं की नाही हे जुन्या पानांवर शोधू नये. शेंड्यावर उमलणारं अगदी नवं पान पाहावं, आणि तेही धीराने.

विषाणूचा चुरडा वेगळा दिसतो. सगळं रोपच खुजं राहतं, पानं लहान, खडबडीत, शिरा जाडसर, पेरं जवळजवळ येऊन झुडूप झाल्यासारखं. फुलं येतात आणि गळतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते, आणि त्याच्यावर औषध नाही. शेजारच्या काकूंकडे असं एक रोप होतं. त्यांनी त्याला महागडं टॉनिक घातलं होतं, ताक घातलं होतं, दृष्ट काढून मिरचीलाच मिरची ओवाळली होती. "एवढं जपलं गं त्याला," त्या म्हणाल्या. त्यांना समजावणं मला जड गेलं. पण ते रोप जिवंत होतं तोवर प्रत्येक माशी तिथून विषाणू घेऊन आमच्या दोघींच्या कुंड्यांवर बसणार होती. शेवटी त्यांनीच त्याच्यावर पिशवी चढवली, म्हणजे माशा उडणार नाहीत, आणि मग ते मुळासकट काढलं.

मे महिन्यातल्या पानांना मात्र मी घाईने रोगी ठरवत नाही. पंचेचाळीस अंशांत दुपारी पानं लांबीच्या रेषेत वर दुमडतात, अंगावरचं ऊन आणि पाण्याची वाफ कमी करतात. सूर्य कलल्यावर ती उघडली, तर रोप ठणठणीत आहे. त्याला हिरवी जाळी आणि बुडाशी पाल्याचं आच्छादन द्यायचं, बस. याउलट संध्याकाळीही पानं जड, लोंबलेली आणि खाली वळलेली असतील आणि माती ओली असेल, तर कुंडीचं भोक पाहायचं. ते बुजलेलं असतं, मुळं तपकिरी पडलेली असतात. कोमेजलं म्हणून त्यात आणखी पाणी ओतणं हे घराघरात चालतं.

एका वर्षी कठड्यालगतच्या कुंड्यांचीच पानं वळली. ती दोरीसारखी अरुंद आणि शिरा एकमेकींना समांतर. ना फुलकिडा, ना कोळी. आतल्या बाजूच्या कुंड्या धडधाकट होत्या. खाली मोकळ्या प्लॉटवर गाजरगवतासाठी कोणीतरी तणनाशक मारलं होतं, टू-फोर-डी प्रकारचं. त्याचा अंश वाऱ्याबरोबर वर आला होता. आमच्या भागात कपाशीची पानं अशी विकृत झालेली शेतकऱ्यांनी पुष्कळ पाहिली आहेत. कोणत्या कुंड्यांना लागलं आणि कोणत्यांना नाही, ही जागेची खूण त्या वेळी भिंगापेक्षा उपयोगी पडली.

आधी ओळखा, मग फवारा, हा माझा आग्रह गच्चीवरच्या चार मिरच्यांपुरता नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विदर्भात राहणाऱ्या माणसाला औषधाची बाटली उघडताना ते आठवायलाच हवं. दुकानात "पानं वळलीत" एवढंच सांगितलं की दोन-तीन औषधं एकत्र करून हातात ठेवली जातात. पानाचा नमुना पिशवीत घालून कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात नेला तर तिथले लोक पाहून सांगतात. शहरातल्या माणसानेही तिथे जायला संकोचू नये.

आता काकूही दर आठवड्याला ताटली घेऊन वर येतात. रोपवाटिकेतून नवं रोप आणलं की आम्ही ते पंधरवडाभर जिन्याच्या कोपऱ्यात वेगळं ठेवतो. बियांपासून केलेली रोपं बारीक विणीच्या जाळीखाली वाढवतो. भिवापूरला भाऊजी वाफ्यांवर लावतात तीच चाळीस मेशची जाळी, उरलेला तुकडा त्यांनीच पाठवला. कोवळ्या वयात पांढरी माशी लागली नाही, तर पुढचं बरंचसं संकट टळतं.