हंडीची तार

लश्करातल्या जुन्या मराठी घरांत वीज मागाहून आली आणि भिंतींच्या अंगावरून फिरली. चुन्याच्या जाड भिंती आणि दगडी पटियांचे छत कोरून तारा आत घालणे शक्य नव्हते. तेव्हा सागवानी पट्ट्या ठोकून त्यांवर टिनच्या क्लिपांनी रबरी तारा दाबून बसवीत. छताशी गोल लाकडी ठोकळा, त्यावर सीलिंग रोझ, त्यातून उतरणारी सुती वेष्टनाची पिळाची तार आणि टोकाला पितळी होल्डर, असा तो थाट असे. पटिया म्हणजे काय, हे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना दरवेळी समजावून सांगावे लागते. वालुकाश्माची ती लांब फरशी भिंतीवर किंवा लोखंडी गर्डरवर टेकवलेली असते. तिला खिळा मारता येत नाही. जे टांगायचे ते बांधकामाच्या वेळीच सांध्यात बसवलेल्या कड्याला टांगायचे.

टांगण्यापूर्वी छताची परीक्षा घ्यावी, हे ग्वाल्हेरकराला निराळे शिकवावे लागत नाही. जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलातली दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची. १८७४ साली तो वाडा उभा राहिला, तेव्हा झुंबरे चढवण्याआधी छतावर हत्ती चालवून पाहिले, अशी कथा येथे प्रत्येक मूल ऐकते. आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या हंडीचा भार तो काय असणार! पण तीही तारेवर नव्हे, साखळीने कड्याला टांगलेली आहे, आणि पणजोबांच्या त्या शहाणपणाचा उपयोग परवाच्या दुरुस्तीत झाला.

हंडीत मूळ मेणबत्ती जळत असे. काजळी धरण्यासाठी वर लावलेली काचेची पालथी वाटी अजून शाबूत आहे. पुढे कोणीतरी साखळीतून तार ओवली आणि आत शंभर वॉटचा दिवा सोडला. तो वर्षानुवर्षे जळला. २०१५ साली उजाला योजना सुरू झाल्यावर एलईडीचे दिवे स्वस्त होऊन घरोघर आले. आमच्या पुतण्यानेही हंडीत नऊ वॉटचा दिवा बसवला आणि तिथून हे प्रकरण सुरू झाले. बटण बंद केल्यावरही हंडी पुरती विझेना. काळोख झाला की तिच्या पोटात काजव्याएवढा उजेड लुकलुकत राही. आत्या त्याच खोलीत निजतात. "अरे, हा दिवा मालवत का नाही?" असे त्यांनी दोनदा विचारले. पुतण्याने दिवा बदलला, तरी तेच. शेजारी थट्टेने पूर्वजांचा संबंध जोडू लागले.

वायरमन आला. टेबलावर चढून, बटण बंद ठेवून, त्याने दिवा काढला आणि होल्डरच्या दोन टोकांपैकी एकाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. तो खाली उतरला आणि म्हणाला, "बाबूजी, बटन न्यूट्रल में है."

ज्यांना या शास्त्रात रस नाही त्यांनीही एवढे समजून घ्यावे. दिव्याकडे दोन तारा जातात. फेज वीज आणते, न्यूट्रल ती परत नेते. कोणतीही एक तोडली तरी दिवा विझतो. म्हणूनच चुकीची तार तोडलेली असली तरी वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही. बटण फेजमध्ये असेल, तर ते बंद करताच होल्डरपाशी वीज उरत नाही. न्यूट्रलमध्ये असेल, तर दिवा विझतो, पण २३० व्होल्ट होल्डरपर्यंत येऊन उभे असतात. जुन्या दिव्याची तार तापून पांढरी व्हायला भरपूर प्रवाह लागे. तारांच्या परस्पर सान्निध्यातून निसटणारा क्षीण प्रवाह तो जाणवूही देत नसे. एलईडीला तेवढाही पुरतो. असा लुकलुकाट बटणातल्या इवल्या निऑन दिव्यामुळेही होतो, म्हणून टेस्टर लावून पाहिल्याविना निदान करू नये. आमच्या बटणात मात्र तसला दिवा नव्हता.

मला त्या क्षणी आठवली ती दरवर्षीची दिवाळीपूर्व झाडलोट. आत्या शिसवी टेबलावर उभ्या राहत, आधी बटण बंद केल्याची खात्री करून घेत, मग दिवा काढून ओल्या फडक्याने हंडी आतून पुसत आणि त्याच फडक्याने पितळी होल्डरही चकचकीत करीत. आम्ही मुले टेबल धरून उभी असू. बटण बंद आहे ना, हे त्या प्रत्येक वेळी विचारीत. आणि ते बंदच असे. हे किती वर्षे चालले याचा हिशेब मी मांडला नाही. त्यांना वाचवले ते कोरड्या लाकडाने, आणि ते टेबल वाळवीने गेल्यावर गतवर्षी पुतण्याने ॲल्युमिनियमची शिडी आणली आहे.

एकट्या न्यूट्रलमध्ये बटण वा फ्यूज घालू नये, हा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होता आणि नंतरच्या नियमांतही तो टिकला आहे. मग आमच्याकडे हे घडले कसे? वायरमनने तारेचा माग काढत चौकातली लाकडी पेटी उघडली. मागच्या खोल्यांची बटणे ठीक होती. पुढच्या दोन खोल्यांची उलटी. पेटीत चार तारा, चारही काळ्या. आज फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी असे रंग ठरलेले आहेत. त्या रबरी तारांना असला भेद नव्हता. कुठल्याशा दुरुस्तीत जोड सोडले गेले आणि पुन्हा जोडताना अदलाबदल झाली. दिवे लागले, कारागीर गेला. शिवाय दोन्ही तारांवर चिनीमातीचे फ्यूज बसवलेले होते. त्या काळची ती सर्रास पद्धत. न्यूट्रलचा फ्यूज उडाला, तर सगळीकडे अंधार, आणि तारेत वीज तशीच.

पुतण्याचे म्हणणे पडले, "काका, पेटीतल्या तारांची अदलाबदल केली की झाले." तर्क बिनचूक होता. पण वायरमनने होल्डरजवळची तार नुसती वाकवली आणि रबर मातीसारखे गळून पडले. दिव्याची उष्णता वर चढते, म्हणून तिथले वीतभर वेष्टन सर्वांत आधी भाजून निघते. आतले तांबे मात्र चंदेरी दिसत होते. रबरातल्या गंधकाने तांबे खाऊ नये म्हणून त्याला कल्हई केलेली असे. भांड्यांना कल्हई करणारे आपण तारेलाही करीत होतो, हे पाहून मौज वाटली. मध्ये एके ठिकाणी नंतरची ॲल्युमिनियमची तार या तांब्याला पिळून जोडलेली होती. तो जोड सैल होऊन काळा पडला होता आणि त्याच्याखालची सागवानी पट्टी करपली होती. तिथे वाद संपला. पुढच्या दोन्ही खोल्यांच्या तारा नव्याने घालायच्या ठरल्या.

पुतण्याला खोटे छत हवे होते, म्हणजे तारा दिसणार नाहीत. मी नको म्हटले. दिसणारी तार वाचता येते. करपलेली पट्टी दिसली ती उघडी होती म्हणून. पटियांखाली आणखी एक छत घालून मधल्या अंधारात काय चालले आहे, याचा विचार करीत निजण्याची माझी तयारी नाही. जुन्या पट्ट्यांच्या रेषेतच प्लास्टिकच्या नळ्या आल्या. शोभा उणावली, हे मान्य.

कामाची रीत मात्र पाहण्यासारखी होती. मुख्य बटण पाडून वायरमनने फ्यूजच्या कड्या खिशात घातल्या. तो वर असताना खालून कोणी चालू करू नये, हा हेतू. टेस्टर आधी चालू तारेवर, मग बंद तारेवर, मग पुन्हा चालू तारेवर लावून त्याने टेस्टरचीच परीक्षा घेतली. रोझ उघडला तेव्हा तीन स्क्रूंपैकी एकावर दोन तारा निघाल्या. ओसरीच्या दिव्याची वीज इथूनच पुढे गेली होती. सुटण्यापूर्वी प्रत्येक तारेला त्याने चिकटपट्टी लावून आकडा घातला. नवी तार दीड चौरस मिलिमीटर तांब्याची घेतली. रोझमध्ये तिला गाठ मारली, म्हणजे ओढ स्क्रूवर न येता गाठीवर येते. साखळी आणि पितळी कडे या धातूच्या वस्तू, म्हणून तिसरी हिरवी तार त्यांना जोडली. मीटरशेजारी तीस मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडणारे यंत्र बसले.

हिरवी तार न्यायची कुठे, हा प्रश्न उरला होता, कारण घराला अर्थिंगच नव्हते. परसात खड्डा खणून अडीच मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला नळ उभा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरले. ग्वाल्हेरची जमीन खडकाळ. दोन दिवस गेले. वायरमनने जाताना आत्यांना बजावले, "बुआजी, गर्मी में इसमें पानी डालते रहना." जमीन कोरडी पडली की अर्थिंग निकामी होत जाते, आणि इथला जेठ महिना आपल्याला ठाऊक आहे. आत्यांनी ते व्रतासारखे घेतले आहे. सकाळी तुळशीला पाणी घालून झाले की तांब्यातले उरलेले पाणी त्या नळाच्या तोंडाशी जाते, आणि उन्हाळ्यात त्याच्याजोडीला एक बादली.