नवरत्नांची राजधानी

बँकॉकच्या सीलोम मार्गाला लागून महेसाक नावाचा रस्ता आहे. येथील पेढ्यांवर माणिक-नीलमांची पारख चालते आणि या व्यापारात भारतातून गेलेल्या जैन जव्हेऱ्यांचाही वाटा आहे. शहराच्या लांबलचक औपचारिक नावात ‘नवरत्न राजधानी’ हे शब्द थाई उच्चारात आजही नांदतात. हे नाव खरे ठरले, पण त्याची किंमत उरलेल्या देशाने मोजली.

१७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या उद्ध्वस्त केली. पुढे १७८२ मध्ये राजा पहिला राम याने चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर ही राजधानी वसवली. १८५५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या बाउरिंग तहाने परदेशी व्यापार खुला झाला. देशभरचा तांदूळ नदीने खाली येऊ लागला आणि काठावर गिरण्या व गुदामे उभी राहिली. नंतर लोहमार्ग आले, तेही राजधानीतूनच चहूकडे पसरले. बंदर, दरबार, पेढी आणि विद्यापीठ एकाच ठिकाणी आल्यावर दुसऱ्या गावाला वाढण्यास वाव उरला नाही.

२०१० च्या जनगणनेत बँकॉकची वस्ती ८० लाखांहून अधिक भरली. उत्तरेची जुनी राजधानी असलेल्या चियांग माईच्या नगरपालिका हद्दीत मात्र त्या मानाने फारच थोडी माणसे होती. बँकॉकचे नागरिक आपला प्रांतपाल मतदानाने निवडतात. इतर प्रांतांवर तो राजधानीतून नेमला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर १९८६ पर्यंत तांदळाच्या निर्यातीवर विशेष आकारणी होती. त्यामुळे शहराला अन्न स्वस्त मिळाले आणि शेतकऱ्याच्या पदरी कमी भाव पडला. ईशान्येकडील इसान प्रदेशातील तरुण टॅक्सी चालवण्यास, इमारती बांधण्यास शहरात येतात. एप्रिलमध्ये सोंगक्रान सणाला ते गावी परततात, तेव्हा रस्ते ओस पडतात आणि शहर कोणाच्या श्रमावर उभे आहे ते उघड दिसते.

२०११ च्या महापुरात ही विषमता पाण्यानेच रेखून दाखवली. शहराचा मध्यभाग कोरडा राहावा म्हणून बांध घालून पाणी अडवले गेले आणि उत्तरेची उपनगरे कित्येक आठवडे पाण्यात राहिली. एकाचा बचाव दुसऱ्याच्या अंगणात साचला.

आग्नेयेला, समुद्रालगतच्या प्रांतात चांथाबुरी, म्हणजे ‘चंद्रपुरी’, हे लहान गाव आहे. तेथील खाणी आता बहुतांशी आटल्या. तरीही आठवड्याच्या अखेरीस रत्नबाजार भरतो. खरेदीदार मेज मांडून बसतात आणि दलाल कागदाच्या पुड्यांत खडे घेऊन त्यांच्यापुढे येतात. आफ्रिकेतील खडेही येथे येतात, कारण भट्टीत तापवून रंग खुलवण्याचे कौशल्य या गावाच्या हाती आहे. खाण संपली, पण विद्या राहिली. राजधानी माल ओढून नेऊ शकते. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला हात आणि दलालाच्या शब्दावरचा विश्वास तिला इतक्या सहजी नेता येत नाही.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण आहे. आपल्यापाशी किती असावे, याची मर्यादा गृहस्थ स्वतः आखतो, म्हणजे इतरांसाठीही काही उरते. नगरांना असे व्रत कोणी देत नाही. मात्र नवी पेढी कोठे उघडावी आणि मुलांना कोणत्या गावी धाडावे, हे ठरवणारी माणसे व्यापारी घरांतलीच असतात. चांथाबुरीसारखी गावे अशाच निर्णयांवर तगतात.