संदर्भसूचीतील एक आडनाव

एका निबंधाची संदर्भसूची अकारविल्ह्याने लावीत असता ‘कळ्यांचे निःश्वास’पाशी मी अडखळलो. सवयीने नोंद केली होती : ‘बेडेकर, मालती (१९३३)’. आडनाव, नाव, प्रकाशनवर्ष. पद्धतीप्रमाणे सारे बिनचूक. तरीही नोंद खोटी होती. १९३३ साली मालती बेडेकर हे नाव अस्तित्वातच नव्हते. लिहिणाऱ्या होत्या बाळूताई खरे. पुस्तकावर नाव होते विभावरी शिरूरकर. बेडेकर हे आडनाव पुढे विवाहाने आले.

शिकलेल्या, अविवाहित मुलींचा कोंडमारा जिने टोपणनावाच्या आडून मांडला, तिला मी त्याच पुस्तकासाठी सासरच्या आडनावाखाली नेऊन बसविले होते. एकाच व्यक्तीची पुस्तके एकत्र यावीत, हा सूचीकाराचा हेतू गैर नाही. पण त्या सोयीपायी पुस्तकाचा काळ आणि लेखिकेने केलेली निवड, दोन्ही पुसली जात होती.

अखेरीस नोंद ‘श’मध्ये हलविली. ‘ब’खाली ‘पाहा : शिरूरकर, विभावरी’ एवढेच ठेवले. ‘ख’ मात्र रिकामाच राहिला. त्या नावाने हे पुस्तक शोधीत कोणी येईल, असे मलाही वाटले नाही.