मेंदूत किती तापलं, हे बघतं कोण?

हात थरथरण्याच्या आजारावर फोकस्ड अल्ट्रासाउंड नावाचा उपचार आहे. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. आता भारतातही काही ठिकाणी होतो. कवटी उघडत नाहीत. डोक्यावर हेल्मेटसारखं यंत्र बसवतात आणि त्यातले १०२४ छोटे स्रोत ध्वनिलहरी सोडतात. या सगळ्या लहरी जिथे एकत्र येतात, तिथे थॅलॅमसमधला काही मिलिमीटरचा भाग तापून निकामी होतो आणि थरथर कमी होते.

बडोद्याच्या माझ्या काकांना हा आजार आहे. चहाचा कप अर्धाच भरून घेतात, सही करायची म्हटलं की बँकेत जायचं टाळतात. गोळ्यांचा फारसा उपयोग झाला नाही. मी मेडिकल फिजिक्स शिकते, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "अगं, बाहेरून मेंदू तापवणार म्हणे. पण आत किती तापलं, हे बघतं कोण?"

काकांनी अगदी मुद्द्याचं विचारलं. त्या जागेच्या शेजारीच स्पर्शाच्या आणि हालचालीच्या वाटा आहेत. उष्णता तिकडे पसरली तर बोटं बधिर होतात, चालताना तोल जातो. बहुतेकदा तात्पुरतं, पण कधी कधी ते टिकतंही.

तापमान बघायचं काम एमआरआय करतो. तापल्यावर पाण्यातल्या हायड्रोजनचा संकेत किंचित सरकतो, एका अंशाला साधारण दहा कोटींत एक भाग. त्यावरून दर काही सेकंदांनी तापमानाचा नकाशा पडद्यावर येतो. मात्र त्यात कळतो तो फक्त फरक, म्हणून तो शरीराच्या मूळ तापमानात मिळवावा लागतो. डोकं हललं तर हिशेब चुकतो, त्यासाठी ते चौकटीत घट्ट बसवतात. हाड जास्त तापतं, म्हणून टाळूभोवती गार पाणी खेळवतात.

वेळही मोजावी लागते. ४३ अंशांवर २४० मिनिटांत जी इजा होते, ती ५६ अंशांवर दोनेक सेकंदांत होते. म्हणून आधी थोडंच तापवतात. पेशंट जागा असतो. त्याला कागदावर गोल गोल रेघ काढायला लावतात. थरथर कमी झाली आणि दुसरा काही त्रास नसला, तरच पुढे जातात.

प्रयोगशाळेत हीच तपासणी जेलवर होते. त्यात अंड्याचा पांढरा भाग मिसळला, की जिथे जास्त तापलं तिथे तो पांढरा पडतो आणि उष्णतेचा आकार डोळ्यांना दिसतो. तापमान मोजणारी बारीक तार आत घातली, तर लहरींमुळे तारेभोवतीच जास्त तापतं आणि आकडा फुगतो.

काकांचं अजून ठरलेलं नाही. तुमच्या घरी कुणाला हा उपचार सुचवला असेल, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: सीटी स्कॅनवरून कवटी या उपचाराला योग्य आहे का, नकाशा किती सेकंदांनी येतो, आणि तो बघून थांबायचं कधी, हे कोण ठरवतं?