सांगली चालते, पुणे अडतं

गेल्या शनिवारी सकाळी भाचीचा फोन. "मामा, लॅपटॉप घेऊन येते. मला काही हे ऑटोमेशन जमणार नाही." दोन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करून नुकतीच पायथन आणि पायटेस्टकडे वळलेली पोर, त्यात सोमवारी टीमसमोर डेमो. कोथरूडला आमच्याकडे पोचली तीच रडवेली होऊन.

तक्रार अशी, की परवा एडिटरमधून टेस्ट चालली, आज टर्मिनलमधून चालवली तर 'फाइल सापडत नाही'. फाइल तर समोर दिसतेय! म्हटलं, अगं, तू दिलेला पाथ म्हणजे "उजवीकडची दुसरी गल्ली". अलका चौकात उभं राहिलं तर वेगळी, मंडईत वेगळी. टेस्टची फाइल कुठे ठेवलीय हे पायथन बघत नाही. कमांड कुठल्या फोल्डरमधून दिली ते बघतो. एडिटर टेस्टच्या फोल्डरमध्ये उभा होता, ती एक पायरी वर. पाथलिब घेऊन टेस्टच्या फाइलपासूनच पाथ बांधला. झालं.

कसलं झालं! फाइल सापडली आणि नवीन एरर: बाइट ८१ वाचता येत नाही. "परवा सातारा, सांगली, नाशिक होतं तेव्हा हिरवं होतं! काल रात्री फक्त पुणे वाढवलं..."

मी आधी हसलो, मग चपापलो. फाइल यूटीएफ-८मध्ये होती, पण तिच्या विंडोजवर पायथन ती सीपी १२५२ या जुन्या तक्त्याने वाचत होता. त्या तक्त्यात पाच बाइटना अक्षरच नाही. त्यातला ८१ येतो ऱ्हस्व उकारात, ८डी येतो हलंतात. म्हणून पुणे अडलं. कोल्हापूरही अडलं असतं. सातारा, सांगली, नाशिक यांत असा बाइट एकही नाही. ती बिनबोभाट वाचली गेली, पण टोपी-टिकल्यावाल्या रोमन अक्षरांचा कचरा होऊन! टेस्ट बघत होती एवढंच, की यादी रिकामी नाही ना. कचऱ्याची यादी कुठे रिकामी असते?

म्हणजे परवाचं हिरवं खोटं होतं आणि आजचं लाल खरं.

फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं. मग तिने स्वतःहून एक ओळ वाढवली: पहिलं शहर 'सातारा'च आहे का? तिथे मला कळलं, हिला जमणार. तिच्या वयात मी असा एरर ट्राय-एक्सेप्टमध्ये गुंडाळून चहाला गेलो असतो. गेलोही आहे, खोटं कशाला बोलू!

जाताना म्हणाली, "मामा, सांगली गुपचूप चुकीचं वाचू देत होती. पुण्याने तोंडावर सांगितलं."

पुणंच ते. दुसरं काय करणार?